मसुराएवढा फोड आणि फलाट क्रमांक सहा

...नाही नाही, तुम्ही आधी मला सांगा, केवढा असेल? नुसता अंदाज करा! माणसाचं जेवण बंद, बोलणं बंद, हसणं बंद, जांभई आली तर आधी भिंतीला धरून उभं राहायचं आणि मग द्यायची... एवढं सगळं करणारी वस्तू केवढी असेल? लिंबाएवढी? गेला बाजार सुपारीएवढी? अहो, मसुराएवढी! मसुराचा एक दाणा! मधे पांढुरका, कडेनं लाल, आणि जिभेच्या टोकाशी असा ऐसपैस बसलेला, की घर त्याचं आणि मी भाडेकरू!

आणि लोक काय म्हणतात? "तोंड आलंय वाटतं!" आलंय म्हणजे काय हो? इतके दिवस कुठे गेलं होतं? तुम्हाला सांगतो, ते येत नाही, ते जातं! पाणी प्यायचं तर मान अशी वाकडी करून उजव्या बाजूनं घोट सोडायचा, भाताचं शीत चुकून डावीकडे गेलं की डोळ्यांपुढे काजवे, आणि घास गिळून झाला की ताटासमोर पाच मिनिटं नुसतं बसून राहायचं. बायको विचारते, "कसं झालंय?" आता काय सांगू कसं झालंय? सांगायला जीभ लागते, आणि जिभेवर तो!

आता तुम्ही म्हणाल, फोड काय सगळ्यांनाच येतात, त्यात एवढं काय? बरोबर आहे तुमचं. सुताराला आला, तर सुतार रंधा मारत राहील. शिंप्याला आला, तर मशीन थोडंच थांबणार आहे? पण मी काय करतो? मी बसस्थानकावर निवेदक आहे. निवेदक! गाड्यांच्या घोषणा करतो! चार नंबरच्या फलाटावर लोखंडी जिना आहे, त्या जिन्यावर काचेची केबिन, केबिनमध्ये एक पंखा, एक खुर्ची, एक चेपलेला माइक आणि मी. खालून खिडकीतून नोंदीच्या चिठ्ठ्या येतात, अमुक गाडी आली, तमुक गाडी लागली, आणि मी बोलतो. अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत माझं तोंड फक्त जेवताना आणि झोपताना बंद असतं, आणि झोपेचं बायको मान्य करत नाही.

आणि माझी एक खासियत होती, बरं का. वेग! एका श्वासात नऊ गाड्या! "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे सर्व सन्माननीय प्रवाशांना नम्रपणे कळवण्यात येते की गाडी क्रमांक सत्तावीस पूलमार्गे जाणारी फलाट क्रमांक सहावर गाडी क्रमांक एकतीस धरणमार्गे जाणारी फलाट क्रमांक दोनवर तरी सर्व सन्माननीय..." आणि असं नवव्या गाडीपर्यंत, श्वास न घेता! खाली हमाल टाळ्या वाजवायचे. आता ते टाळ्या वाजवायचे की तंबाखू मळायचे, हे वरून काचेतून नीट दिसत नाही, पण मी टाळ्याच धरत होतो.

एकच माणूस माझ्यावर नाराज. चौकशीच्या खिडकीवरच्या ताई. का? तर म्हणे, "तुमची घोषणा संपली की माझ्या खिडकीला गर्दी होते! सगळे येऊन एकच विचारतात, 'आत्ता काय म्हणाले ते?' अकरा वर्षांत मी एकदा गरम डबा खाल्लेला नाही!" आता यात माझी काय चूक? लोकांचे कान मंद, त्याला मी काय करणार? असं मी त्यांना म्हणायचो. भरभर म्हणायचो, त्यामुळे त्यांनाही कळायचं नाही.

तर एका सोमवारी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब बोलतात कसे, तर आधी टेबलावरचा कागद सरळ करतात, मग पेन सरळ करतात, मग तुम्हाला वाकडं करतात. म्हणाले, "बसा. मुख्य कचेरीनं यंत्र पाठवलंय. आवाजाचं." म्हटलं, "बिघडलाय का माझा माइक?" म्हणाले, "माइक नाही हो. यंत्रच बोलतं. बाईचा आवाज आहे, गोड आहे. शुक्रवारी मोठ्या बाई येणार आहेत मुख्य कचेरीतून. दहा ते अकरा यंत्र बोलेल, अकरा ते बारा तुम्ही. ज्याचं बरं वाटेल ते राहील."

"आणि मी नाही राहिलो तर?"

त्यांनी पुन्हा पेन सरळ केलं. "तुम्हाला काढणार नाही हो. हरवलेल्या सामानाच्या खोलीत जागा आहे."

हरवलेल्या सामानाच्या खोलीत! तुम्ही पाहिलीय का ती खोली? तळघरात आहे. दोनशे छत्र्या, सत्तर पिशव्या, एक एकटी चप्पल आणि कुणाची तरी कवळी. तिथे मी काय करणार? छत्र्यांना सांगू, की सन्माननीय छत्र्यांनी कृपया लक्ष द्यावे? अठरा वर्षं ज्या माणसाचा आवाज चौदा फलाटांवर ऐकू गेला, त्याला दोनशे छत्र्यांपुढे बसवणार!

त्या रात्री झोप नाही. मंगळवारी सकाळी दात घासायला लागलो, आणि... आई गं! आरशात बघितलं, तर जिभेच्या टोकाशी तो. केवढा? मसुराएवढा! आणि ओठ खाली ओढून बघितला, तर आत दुसरा! धाकटा भाऊ! थोरला जिभेवर, धाकटा ओठाच्या आत, दोघं समोरासमोर, जरा तोंड मिटलं की एकमेकांना भेटतात! तसे मला फोड नवीन नाहीत, वर्षातून पाच-सहा वेळा येतातच, पण आजवर गालात कुठेतरी कोपऱ्यात बसायचे बिचारे. हे दोघं मात्र नेमके व्यासपीठावर.

आणि आता तुम्हीच एकदा म्हणून बघा, "फलाट". म्हणा की! "फ" म्हणताना दात कुठे लागतात? खालच्या ओठाला. म्हणजे धाकटा. "ला" म्हणताना जीभ कुठे? टोक वर. म्हणजे थोरला. आणि "ट" म्हणताना तर जीभ अशी वळते, की दोघं मिळून बोंब मारतात. आणि माझ्या नोकरीत दिवसातून किती वेळा "फलाट" म्हणायचं? जाऊ द्या, रडू येईल तुम्हाला.

आता अशा वेळी माणसाला काय हवं असतं? शांतता. आणि मिळतं काय? सल्ला! तोंडातला फोड ही अशी गोष्ट आहे, की ज्याला स्वतःच्या घरच्या नळाचा वॉशर बदलता येत नाही, तोसुद्धा तिच्यावर औषध सांगतो. सासरे आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "उष्णता! शंभर टक्के उष्णता! जाडं मीठ घे आणि चोळ त्यावर. मी तरुणपणी चोळायचो." चोळलं. तुम्हाला सांगतो, मी न्हाणीघरात उडी मारली ती डोकं शॉवरला लागलं. सासरे बाहेरून म्हणतात, "लागलं का? म्हणजे लागू पडतंय!" कॅन्टीनवाला म्हणाला, "पोट! पोट साफ नाही तुमचं. तुरटी धरा." धरली. फोड होता तिथेच राहिला, वर तोंडाचा बटवा झाला, दोरी ओढल्यासारखा. नोंदीच्या खिडकीवरचा कारकून आत डोकं घालून म्हणाला, "खोटं बोललं की येतात असले फोड." म्हटलं... म्हटलं नाही, लिहून दिलं, की मग तुझी रजेची कारणं ऐकता तुझ्या तोंडात पाय ठेवायला जागा नसती!

आणि सगळ्यात कहर म्हणजे साहेब. ते दारातूनच बोलतात, तोंडावर रुमाल. "पसरतो का हो हा? माइक पुसून ठेवा. शुक्रवारी मोठ्या बाईंना हात लावू नका."

स्थानकावर दोन दिवस माझ्याऐवजी कारकून माइकवर बसला, आणि घरी काय, तर मी चिठ्ठ्या लिहायला लागलो. "मीठ कमी." "पंखा लाव." "माझं कसं होणार?" बायको चिठ्ठी वाचायची, घडी करायची आणि शांतपणे आपलं बोलायची. मंगळवारी रात्री जेवताना तिनं एक मोठं वाक्य सुरू केलं, तिच्या मावसबहिणीच्या घराच्या रंगावरून निघालं, गच्चीवर गेलं, तिथून जिना उतरून अंगणात आलं आणि संपलं. संपल्यावर ती स्वतःच दचकली. म्हणाली, "अहो, लग्नानंतर पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं!" आणि खुशीत आणखी एक सुरू केलं.

पण बाई मनाची चांगली, हं. बुधवारी सकाळी मी तुरटीचा खडा पुन्हा उचलला, तर तिनं तो खिडकीतून बाहेर भिरकावला. "पुरे झाली अक्कल सगळ्यांची! चला." दंडाला धरून स्थानकासमोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणजे तरुण, पण नजर अशी, की आपण आ करायच्या आधीच तिला आतलं दिसतंय. दिवा लावला, छोटा आरसा घातला, हातमोजा घातलेल्या बोटानं गाल बाजूला केला. म्हणाली, "हं. आहेत दोन."

दोन! एवढंच! मला वाटलं होतं, निदान एक सुस्कारा तरी टाकेल.

बायकोनं विचारलं, "उष्णता का हो?"

"नाही."

"पोट?"

"क्वचित असतं, पण यांचं तसं दिसत नाही."

"पसरतो का?"

"मुळीच नाही. ओठाच्या बाहेर पाण्यानं भरलेले फोड येतात ना, ते वेगळे, ते पसरतात. हा आतला. हा ज्याचा त्याचा असतो." मी लगेच बायकोला खूण केली, की हे साहेबांसाठी लिहून घे. "आतलं कातडं अगदी नाजूक असतं. त्याला कुठे खरचटलं, चावलं, भाजलं, जोरात ब्रश लागला, की फोड येऊ शकतो. झोप कमी, काळजी जास्त, रक्तात लोह किंवा बी-बारा कमी, तरी येतात. काहींना फेसाळ टूथपेस्ट सोसत नाही. काहींना नेमकं कारण सापडतच नाही. बरं, तुम्ही काम काय करता?"

आता हा प्रश्न आला, आणि मला थोडा हुरूप आला. बायको म्हणाली, "ते समोर स्थानकावर घोषणा करतात." डॉक्टरीणबाई थांबली. म्हणाली, "ते तुम्ही?" ज्या पद्धतीनं म्हणाली ना, ती काही टाळ्या वाजवणाऱ्यांतली वाटली नाही. पण मी तिला दाखवून द्यायचं ठरवलं, की मी आवाजाची किती काळजी घेतो. खिशातून डबी काढली आणि तिच्या हातात ठेवली. आंबट गोळ्यांची! आमच्या धंद्यात सगळे निवेदक चघळतात. घसा ओला राहतो, आवाज मोकळा होतो, मला माझ्या आधीच्या निवेदकानं खुर्चीबरोबर ही सवयसुद्धा देऊन ठेवली होती.

तिनं डबी उघडली, वास घेतला. "या दिवसाला किती?"

मी बोटानं दाखवलं, एक.

"एक गोळी?"

बायको म्हणाली, "एक डबी."

"डबीत किती असतात?"

"तीस."

तिनं दिवा बंद केला. खुर्ची सरळ केली. आणि म्हणाली, "बोलताना गोळी कुठे ठेवता?" मी डाव्या गालाला बोट लावलं. "आणि घोषणा संपली की?" मी जीभ बाहेर काढून टोक दाखवलं. म्हणजे थोरला जिथे बसलाय, तिथेच! बोट माझं मीच नेऊन ठेवलं हो त्याच्यावर! "म्हणजे," ती म्हणाली, "आवाज वाचवायला तुम्ही रोज तीस वेळा तोंड आंबटात भिजवता आणि वर कडक गोळीनं खरवडता. आणि फोड आल्यावर कमी केल्या असतील ना?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. कमी कुठल्या? मंगळवारपासून मी दोन डब्यांवर गेलो होतो! औषध म्हणून!

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला जमिनीत जावंसं वाटलं, पण त्याच वेळी बरंसुद्धा वाटलं. अठरा वर्षं मी नशिबाला बोल लावत होतो, आणि कारण माझ्याच खिशात खुळखुळत होतं!

मग तिनं सांगितलं. मिठाचं, पण चोळायचं नाही हो, कोमट पाण्यात विरघळवायचं आणि हलक्या गुळण्या करायच्या, दिवसातून तीन-चारदा. मऊ ब्रश. आंबट, तिखट, कढत, कुरकुरीत बंद. टूथपेस्ट फेस न होणारी. एक मलम दिलं, पारदर्शक. कापसानं फोड आधी टिपून कोरडा करायचा, मग मलमाचा पातळ थर, आणि लगेच पाणी प्यायचं नाही. रक्त तपासायला सांगितलं. आणि म्हणाली, "असा लहान फोड आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत आपला आपण बरा होतो. तीन आठवडे झाले आणि गेला नाही, खूप मोठा झाला किंवा ताप आला, तर मात्र घरी बसायचं नाही, यायचं."

मी चिठ्ठी लिहिली : "शुक्रवारपर्यंत?"

ती हसली. "तुमचा फोड कॅलेंडर बघत नाही. दुखणं कमी होईल. बोलावं लागलं तर बोला, पण हळू. आणि गरजेपुरतं."

हळू आणि गरजेपुरतं! मला! बायकोनं डॉक्टरीणबाईंचा हात हातात घेऊन असे काही आभार मानले, की मला वाटलं, फी तिनं मागच्या अठरा वर्षांचीसुद्धा देऊन टाकली.

गुरुवारी रंगीत तालीम केली. मलम लावलं. आता पातळ थर म्हणजे पातळ थर, पण मी विचार केला, थोड्यानं इतकं बरं वाटतंय तर जास्तीनं किती वाटेल? जीभच माखून टाकली. पाच मिनिटांत सगळं बधिर! ती जीभ माझी राहिलीच नाही, शेजाऱ्याची उसनी आणल्यासारखी तोंडात पडून होती. माइक सुरू केला, तर पहिल्या घोषणेलाच खालून एक म्हातारे गृहस्थ जिना चढून वर आले, काचेवर टकटक केली आणि विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला? कुणाला बोलावू का?" मग मात्र शुक्रवारसाठी ठरवलं, डॉक्टरीणबाई म्हणाली तसंच. पातळ थर.

आणि उजाडला शुक्रवार. मोठ्या बाई आल्या. पांढरे केस, हातात वही, पायात बिनआवाजाच्या चपला. साहेबांनी खुर्ची दिली, तर नको म्हणाल्या आणि सरळ जाऊन चौकशीच्या खिडकीशेजारी उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "इथे?" म्हणाल्या, "घोषणा कळली की नाही, हे इथेच कळतं." हे चिठ्ठ्यांच्या खिडकीतून माझ्या कानावर आलं आणि मी वर काचेमागे गार पडलो.

दहाला यंत्र सुरू झालं. आवाज काय सांगू तुम्हाला! साखर! "प्रिय प्रवासीहो... आपलं मनःपूर्वक स्वागत..." साहेबांनी तर डोळे मिटले. "गाडी क्रमांक सत्तावीस... फलाट क्रमांक दोनवर उभी आहे..." आता दोनवर काय उभं होतं? एकतीस! सकाळीच बंद पडलेली, खाली मेकॅनिक झोपलेला, नुसते बूट बाहेर! सत्तावीस आली होती सहावर. पण यंत्राला कुठलं दिसायला! त्याला वेळापत्रक पाठ, फलाट नाही. पेट्या, पिशव्या, कडेवरची पोरं घेऊन माणसं दोनवर धावली, त्या बुटांना विचारलं, तिथून चौकशीकडे धावली, आणि वरून ती पुन्हा गोडच, "आपला प्रवास सुखाचा होवो!" ताईंच्या खिडकीला ही रांग! मोठ्या बाई वहीत रेघा मारतायत. तासाभरात त्रेसष्ट रेघा, मागाहून कळलं मला.

आणि वाजले अकरा.

दहा मिनिटं आधी कापसानं टिपलं होतं, थर दिला होता. ठणका कमी, पण जागा तर होतीच. माइकसमोर बसलो. समोर पहिली चिठ्ठी, सत्तावीसचीच, दोनवरून धावत आलेल्यांसाठी ती थांबवून ठेवली होती. नेहमीसारखा श्वास भरला. "सर्व सन्माननीय..." हे मनातल्या मनात आलं, आणि जिभेनं सांगितलं, की बाबा रे, "सन्माननीय"चा तीन वेळा त्रास आहे, परवडतोय का बघ! नाही परवडत. "नम्रपणे कळवण्यात येते की"? त्याचाही पाच वेळा. सोड. "कृपया"? सोड! एकेक शब्द तोंडाच्या दाराशी येतोय आणि मी त्याला विचारतोय, तू अगदी लागतोसच का रे? आणि शेवटी जे उरलं, ते म्हटलं.

"सत्तावीस."

थांबलो. ठणका जाईपर्यंत.

"पूलमार्गे."

थांबलो.

"फलाट..." या इथे डोळ्यांतून पाणीच आलं, खुर्चीचा हात घट्ट धरला, "...सहा."

आणि काय झालं माहितीय? शांतता! अख्खं स्थानक वर कर्ण्याकडे बघायला लागलं. एक म्हातारी बाकावरून उठली, गाठोडं उचललं, आणि चालायला लागली. मी काचेतून बघतोय. चार गेलं, पाच गेलं... आणि ती सहावर जाऊन सत्तावीसमध्ये चढली! कुणाला न विचारता! तिच्यामागून दोन विद्यार्थी. त्यांच्यामागून एक अख्खं कुटुंब. तुम्हाला सांगतो, अठरा वर्षांत लाखो घोषणा केल्या असतील मी, पण मी सांगितलं आणि माणूस तिथे गेलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आजवर मी नुसता बोलत होतो हो, सांगत नव्हतो कुणाला काही!

मग काय! "एकतीस. बंद आहे. दुसरी... येतेय." "बारा. धरणमार्गे. फलाट चार." कुठे घाई नाही, कुठे दोनदा नाही. साडेअकराला खाली बघतो, तर चौकशीची खिडकी रिकामी! समोर कुणी म्हणजे कुणी नाही! ताई आधी बावरल्या, बाहेर डोकं काढून इकडेतिकडे बघितलं, की आज संप आहे की काय. मग त्यांनी हळूच डबा काढला. उघडला. त्यातून वाफ येत होती, मला वरून दिसली! आणि पहिला घास घेऊन त्यांनी माझ्या केबिनकडे बघून हात जोडले. अकरा वर्षांचं भांडण त्या घासाबरोबर संपलं.

बाराला हिशेब झाला. यंत्राच्या तासात त्रेसष्ट लोक विचारायला आले, माझ्या तासात तीन. त्यातल्या एकाला सुटे हवे होते, एकाला मुतारी विचारायची होती, आणि तिसऱ्या खुद्द मोठ्या बाई, पाणी मागायला!

हरवलं की नाही यंत्राला? आणि कुणी? दोन फोडांनी! केवढे? मसुराएवढे!

मग मोठ्या बाई स्वतः लोखंडी जिना चढून वर आल्या. मागे साहेब, रुमाल अजून तोंडावरच. बाई म्हणाल्या, "दोन शब्दांमध्ये तुम्ही थांबता. ऐकणाऱ्याला वेळ देता. एक शब्द जास्तीचा नाही. हे शिकलात कुठे?" आता खरं सांगायला तोंड उघडायला हवं, आणि तासभर बोलून थोरला असा पेटला होता, की मी ओठ घट्ट मिटून नुसती मान खाली घातली. बाई साहेबांकडे वळून म्हणाल्या, "बघा! किती विनय! मुळातच कमी बोलणारा माणूस. निवेदनाला अशीच माणसं हवीत." साहेबांना जो ठसका लागला, तो जिना उतरेपर्यंत थांबला नाही.

मी राहिलो! काचेत, माइकसमोर, पंख्याखाली! आणि यंत्र कुठे गेलं? तळघरात, छत्र्यांच्यात! आता करा म्हणावं स्वागत, हव्या तितक्या गोड आवाजात!

नवव्या दिवशी सकाळी उठलो, जीभ टाळ्याला लावली, आणि... काही नाही! आरशात बघितलं, नुसती गुलाबी जीभ. धाकटा दोन दिवस आधीच गेला होता. मी न्हाणीघरात उभा राहून मोठ्यानं "फलाट, फलाट, फलाट" म्हणून घेतलं. बायको बाहेरून म्हणाली, "झालं वाटतं बरं," आणि तिच्या आवाजात आनंद होता, नाही असं नाही, पण थोडा कमी होता. रक्तात बी-बारा जरा कमी निघालं, त्याच्या गोळ्या घेतल्या. आंबट गोळ्या बंद, घसा सुकला की पाण्याचा घोट. पाच महिने झाले, एक फोड नाही! सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मिठानं गेला!" जाऊ द्या, घ्या तुम्ही श्रेय.

इथे संपलं असतं, तर किती बरं झालं असतं! पण मुख्य कचेरीतून पत्र आलं. मोठ्या बाईंच्या सहीचं. सगळ्या आगारांतल्या निवेदकांनी दर सोमवारी माझ्याकडे शिकायला यावं, असा हुकूम. अकरा जण! वही-पेन घेऊन! मी "शिक्षक" झालो! दाराला पाटी, टेबलावर पाण्याचा तांब्या, साहेब स्वतः येऊन म्हणतात, "सर, खडू हवाय का?"

आणि ती अकरा माणसं म्हणजे कोण? जुना मीच, अकरा वेळा! "गाडीक्रमांकसत्तावीसपूलमार्गे..." थांबा म्हटलं तर थांबतच नाहीत! जीव तोडून प्रयत्न करतात बिचारे, दुसऱ्या शब्दाला पुन्हा गाडी सुटते. परवा त्यातला एक, पहिल्या बाकावरचा, अगदी मनापासून शिकणारा, हात वर करून उभा राहिला. म्हणाला, "सर, तुम्हाला हे थांबणं साधलं कसं? म्हणजे आधी नक्की काय केलंत?"

आता काय सांगू त्याला? अकरा जोडी डोळे माझ्याकडे लागलेले. दारात साहेब उभे. भिंतीवर मोठ्या बाईंचं पत्र, चौकटीत लावलेलं. खरं सांगावं, तर अकरा निरोगी माणसं घरी जाऊन काय चघळतील, याचा नेम नाही. तोंड उघडलं, थांबलो, अगदी मोजून थांबलो, आणि म्हटलं, "साधना."

अकराच्या अकरा जणांनी वहीत लिहून घेतलं हो! एकानं तर खाली दोन रेघा मारल्या, आणि विचारलं, "सर, ती रोज किती वेळ करायची?"

म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगतो... तुम्हाला कुणाला काही सुचतंय का?